भिंतीकडेची रांगोळी

ती रांगोळी मी पुसली होती. हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही, देवासमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. त्याला ठाऊकच असणार, अशी सोयीची समजूत करून घेतली आणि सोळा वर्षं काढली.

रांगोळी म्हटलं की दारापुढची, ठिपके जोडून काढलेली डोळ्यांसमोर येते. ही तशी नव्हती. भिंतीला धरून वीतभर रुंद, नुसती भुरभुरलेली पांढरी पट्टी. संध्याकाळी दुकानांची शटरं खाली आली की टाकायची आणि सकाळी ती वर जायच्या आत वाचायची. हो, वाचायचीच. उंदीर कुठून निघाला, कुठं गेला, एकटा होता की बारकी पिल्लं मागं होती, सगळं त्या पट्टीवर उमटलेलं असायचं. मला ती वाचायला शिकवलं आमच्या कॉम्प्लेक्समध्ये झाडलोट करणाऱ्या मावशीनं. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं.

आज माझा धंदाच हा आहे. दुकानं, गोदामं, मंगल कार्यालयं, दवाखाने, बियाण्यांचे साठे. जिल्ह्यात कुठल्याही मोठ्या इमारतीत उंदीर झाले की मला फोन येतो. दोन माणसं हाताखाली आहेत, गाडी आहे, अंगात कंपनीचा असतो तसा निळा शर्ट असतो. लोक विचारतात, "हे कुठं शिकलात?" मी म्हणतो, "अनुभवातून." अर्धं खरं असलेलं बोलायला फार सोपं जातं.

तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. माजलगावात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला एक तीनमजली कॉम्प्लेक्स होतं. खाली आठ दुकानं, वर दातांचा दवाखाना, कॉम्प्युटरचा क्लास, विम्याची एक कचेरी आणि बरेचसे रिकामे गाळे. तिथं मी मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे पाण्याची मोटर लावायची, गेलेला दिवा बदलायचा, तुंबलेली नाली काढणाऱ्याला बोलवायचं आणि दुकानदारांच्या तक्रारी एका लांबट वहीत लिहायच्या. मालक शनिवारी यायचे. शेती होती, राजकारण होतं, दहा ठिकाणी बसणं-उठणं होतं. तरी शनिवारी येऊन किराणा दुकानापुढच्या खुर्चीत बसायचे आणि माझी वही वाचायचे. ज्या तक्रारीपुढं "काम झाले" असं लिहिलेलं असेल तिथं मान हलवायचे. जिथं नसेल तिथं चष्म्यावरून माझ्याकडं बघायचे. बोलायचे नाहीत. ते बघणंच मला पुरायचं.

मावशी माझ्या आधीपासून तिथं होती. पन्नाशीची असेल. तरुणपणी बारा-तेरा हंगाम ऊसतोडीला जाऊन आलेली. गुडघे गेले म्हणून कोयता ठेवला आणि फडा हातात घेतला, असं ती सांगायची. नऊवारी वर खोचलेली, कपाळावर आडवं कुंकू, आणि तोंड कायम चालू. मला ती "साहेब" म्हणायची, पण त्या साहेबात आदर नावालाच. "ओ साहेब, नुस्तं बघायलास कावून, त्या टोकाला धर की." असा साहेब.

उंदरांची आणि माझी पहिली गाठ पडली त्या वर्षीच्या थंडीत. भोवतालचा ऊस तुटायला लागला की रानातले उंदीर गावात शिरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. फरसाणवाल्यानं तक्रार दिली. मी बाजारातून विषाच्या वड्या आणल्या आणि जिथं फट दिसेल तिथं टाकल्या. दोन दिवस मी मोठ्या रुबाबात फिरलो. तिसऱ्या दिवशी दातांच्या दवाखान्याच्या छतातून वास यायला लागला. पीओपीच्या वर कुठंतरी उंदीर मरून पडला होता आणि तो नेमका कुठं, ते कळत नव्हतं. आठवडाभर तिथले पेशंट तोंड उघडून आणि नाक दाबून बसायचे. डॉक्टर मला बघितलं की दुसरीकडं बघायचे.

मावशी जिन्यात बसून पदर तोंडाला लावून हसत होती.

"कावून रं साहेब, मामाला माडीवर नेऊन मारलास व्हय? आता उतरव की त्याला खाली."

"हसू नका मावशी. मला काय माहीत तो तिथं जाऊन मरंल."

"कसं माहीत व्हईल? पाव्हणा कोन हाय, कुठून आलाय, किती जन हायेत, काय बी इचारलं न्हाईस. न बघता ताट वाढायलास."

त्या संध्याकाळी तिनं पदराच्या गाठीतून पांढऱ्या रांगोळीची पुडी काढली. आमच्या खालच्या बोळाला काळपट शहाबादी फरशी होती. तिच्यावर तिनं भिंतीच्या कडेनं चिमटीतून रांगोळी सोडत नेली, इतकी पातळ की खालच्या फरशीचा रंग दिसत राहावा. मला म्हणाली, "आता सकाळी लवकर ये. कुनी पाय द्यायच्या आत."

सकाळी गेलो तेव्हा ती पट्टीशेजारी उकिडवी बसली होती. मलाही बसवलं. असं मी आयुष्यात कधी जमिनीकडं बघितलं नव्हतं. बारीक बारीक पावलं, पुढच्याची चार बोटं, मागच्याची पाच, आणि मधून शेपटीची रेघ.

"ह्यो गेलता हिकडून तिकडं," तिनं बोट न टेकवता दाखवलं. "आन ह्यो बघ, वापस आला. जाताना पाय हलके, येताना दाबून. पोट भरून आलाय गडी."

"आणि हे टाके घातल्यासारखं काय?"

"झुरळ. धावदोरा घालीत जातंय ते. आन ही पाल. आन हितं ही बोटभर लांब पावलं, ही घूस. घुशीचं बीळ नालीकडं असतंय. वर छतात जाणारा काळा येगळा, तो तारंवरून चालतो. सगळ्याला एकच औषध कसं चालंल? तुझ्या घरात समद्याला एकच चप्पल व्हती का?"

उंदीर भिंत का सोडत नाही, ते तिनंच सांगितलं. "उघड्यावर त्याला भ्या वाटतं. नव्या सुनंवानी भितीकडंभितीकडंनं चालतो. रोज त्याच वाटंनं. त्याच्या आंगाचं तेल भितीला लागून काळा पट्टा पडतो." मग ती मला तसे पट्टे दाखवत सगळ्या इमारतीतून हिंडली. रोज ज्या भिंतींना खांदा घासत मी जायचो त्या भिंतींवर जमिनीपासून दोन बोटांवर तेलकट, काळी वाट होती आणि मला ती दिसली नव्हती.

त्यानंतरची अडीच वर्षं ही माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची. हे लिहिताना जरा चमत्कारिक वाटतं. पगार बेताचा, काम कुणी मान द्यावा असं नाही. पण सकाळी साडेसहाच्या सुमाराला मोंढ्याच्या रस्त्यावर अजून हमालांची गर्दी नसायची, धान्याच्या पोत्यांचा आणि ओल्या मातीचा मिळून एक वास असायचा, आणि बोळात मावशी पट्टीपाशी बसलेली असायची. मी समोरच्या टपरीवरून चहा आणायचो. ती बशीत ओतून प्यायची आणि फुंकर मारता मारता रात्रीची हकिकत सांगायची. जणू आमच्या आधी तिला कुणी येऊन सगळं सांगून गेलं होतं.

ती शिकवायची ते सगळं चालता चालता. लेंडी काळी, मऊ, चकचकीत असली तर कालची. करडी, बोटानं चुरा होणारी असली तर जुनी, त्या जागेवर वेळ घालवू नको. बीळ जिवंत आहे की सोडलेलं, ते कळायला त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा. सकाळी बोळा बाहेर पडलेला असला तर मालक घरात आहे. चिचुंद्री दिसली तर मारायची नाही, ती किडे खाते आणि कुणाचं काही कुरतडत नाही. "नाकाडी हाय, वास मारती, पन गुन्हेगार न्हाई," असं तिचं म्हणणं. पिंजरा नवा असला की उंदीर त्याच्याकडं फिरकत नाही. माणसाच्या हाताचा वास जायला त्याला पीठ चोळायचं. आणि बीळ बुजवायचं तर नुसत्या सिमेंटनं नाही. सिमेंटमध्ये बाटलीच्या काचा कुटून घालायच्या.

एकदा कॉम्प्युटर क्लासची इंटरनेटची वायर महिन्यात तीनदा तुटली, आणि तिन्ही वेळा एकाच कोपऱ्यात. क्लासवाले सर कंपनीच्या माणसाशी भांडत होते. मावशी वर गेली, खिडकीवरच्या पडद्याच्या पेटीवर हात फिरवला आणि चिवड्याची सात-आठ रिकामी पाकिटं खाली पाडली. पोरं तासाला बसून खायची आणि पाकिटं तिथं लपवायची. "वायर खायाला न्हाई येत तो," ती सरांना म्हणाली, "तुमच्याकडं जेवायला येतो. वायर तोंडी लावतो." सर आधी चिडले आणि मग इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली.

तिची एक रीत मात्र तिथल्या सगळ्यांनाच पाळावी लागायची. गणपतीच्या दहा दिवसांत पिंजरा लावायचा नाही. ती लिंबागणेशच्या बाजूच्या एका वाडीतली. लहानपणापासून चतुर्थीला देवळात गेलेली. बोळात दुकानदारांचा गणपती बसला की ती सगळे पिंजरे गोळा करायची, त्यांची दारं सुतळीनं वर बांधून टाकायची, आत तेल लावलेला भाकरीचा तुकडा ठेवायची आणि परत जागच्या जागी मांडायची.

"धन्याच्या घोड्याला धन्यासमोर मारतेत का? दहा दिवस खाऊ दे."

"आणि दहा दिवसांत गोदाम संपवलं तर?" मी विचारायचो.

"संपवंना. बघू तरी किती खातंय."

रांगोळी मात्र ती रोज टाकायची. मारायचं नाही, पण बघायला कोण अडवतं, असा तिचा हिशोब. पहिल्या वर्षी मी मनातून वैतागलो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिनं सुतळ्या सोडल्या आणि त्याच्या पुढच्या सकाळी सहाच्या सहा पिंजरे भरलेले होते. दहा दिवस उघड्या दारातून जेवून गेलेल्या उंदरांना पिंजऱ्याची भीतीच उरली नव्हती. आज मी गिऱ्हाइकांना सांगतो की पिंजरा आधी आठ-दहा दिवस उघडा ठेवावा लागतो, उंदराला नव्या वस्तूची सवय व्हावी लागते. ते माझ्याकडं आदरानं बघतात. मी बोलतो मावशीच्या गणपतीबद्दल, पण गणपती आणि मावशी दोन्ही वगळून.

मला तिच्यासारखी रांगोळी कधी टाकता आली नाही. माझा हात जड. पट्टी जाड पडायची, ठिकठिकाणी ढीग व्हायचे. ती बघून म्हणायची, "साहेब, उंदराला चालायचंय, पेरणी न्हाई करायची." माझी पट्टी आणि तिची पट्टी शेजारी असली तर कुठली कुणाची ते आंधळ्यालाही बोट लावून सांगता आलं असतं.

मग तो उन्हाळा आला. लग्नसराई होती. कापडवाल्या शेठनी शालू आणि पैठण्यांचा माल भरला होता. दुकानात जागा पुरेना म्हणून काही गठ्ठे मागच्या बाजूला, फरशीवरच रचले होते.

त्या मालाचं नुकसान झालं त्याच्या तीन आठवडे आधी मावशीनं मला फरसाणच्या दुकानामागं, बोळाच्या टोकाला, नेलं होतं. नालीत जाणारा पाईप जिथं भिंतीतून बाहेर पडत होता तिथं त्याच्याभोवती मूठ जाईल एवढं भगदाड होतं. तिनं त्यात तीन दिवस कागदाचा बोळा घालून बघितला होता. तिन्ही दिवस बाहेर.

"हे बुजव. बाकी समदं राहू दे, पन हे आधी. आख्ख्या कॉम्प्लेक्सचं दार हाय हे."

मी वहीत तशी तक्रार लिहिली आणि गवंड्याला फोन केला. तो म्हणाला, भावकीत लग्न आहे, चार दिवसांनी येतो. शनिवार आला. मालक खुर्चीत बसले आणि वही मागितली. ती त्यांच्या हातात द्यायच्या आधी, त्यांचं ते चष्म्यावरून बघणं टाळायला, मी त्या तक्रारीपुढं लिहिलं : काम झाले. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मनाशी म्हटलं. त्या भगदाडापुढं एक वीट उभी केली, वर रिकामं बारदान टाकलं. गवंडी आला नाही. मी परत फोन केला नाही. मावशीनं एकदा विचारलं, "झालं का रं ते?" मी म्हटलं, "झालं." तिनं बारदान उचलून बघितलं नाही, त्या टोकाला रांगोळी टाकायचंही सोडलं. तिचा माझ्या शब्दावर तेवढा विश्वास होता.

एका दुपारी कापडवाल्या शेठनी मोठ्यानं हाक मारली. खालच्या गठ्ठ्यातल्या साड्या पदरापाशी कुरतडलेल्या होत्या. त्यात एका घरची नवरीसाठी सांगून ठेवलेली पैठणी होती आणि लग्न पाच दिवसांवर होतं. शेठ रडायचेच बाकी होते. मालकांना फोन गेला. उद्या सकाळी दहाला सगळ्यांनी बोळात जमायचं, असं ठरलं.

मावशी शेठना म्हणाली, "उद्या दावते मी. पाऊल कुठून निघतंय आन कुठं जातंय, तुमच्या डोळ्यानं बघा." तिनं संध्याकाळी सगळ्या बोळाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी टाकली. गुडघे धरत, थांबत थांबत, पण एका रेषेत. मी बघत उभा होतो.

सकाळी मी तिच्याआधी पोचलो. ती साडेसहाला यायची. मी पावणेसहाला गेलो. कुलूप काढलं, दिवा लावला. रांगोळीवर पावलं अशी स्पष्ट होती की लहान मुलालाही वाचता आली असती. माझ्या विटेपासून निघाली होती, बारदानाच्या कडेनं, भिंत धरून, कापडाच्या दुकानाच्या शटरखालून आत गेली होती आणि परत आली होती. एक नाही, तीन-चार उंदीर. सगळी वाट त्या विटेपाशी येऊन संपत होती. जो कुणी ती वाचेल तो शेवटी वीट बाजूला करणार होता. आणि मग वही उघडणार होता.

मी जिन्याखालून मावशीचा फडा घेतला आणि पट्टी झाडून काढली. एवढ्यावर थांबलो असतो तर एक वेळ म्हणता आलं असतं की घाबरून झालं. पण मी थांबलो नाही. तिथंच कोपऱ्यात तिच्या रांगोळीचा डबा होता. तो घेऊन मी नवी पट्टी टाकली. कोरी. जिच्यावरून कुणीच चाललेलं नव्हतं. मग कुलूप लावून टपरीवर जाऊन बसलो आणि मावशी आल्यावर तिच्यामागून आत गेलो, जणू आत्ताच येतोय. ती आली तेव्हा तिच्याबरोबर फरसाणवालाही होता, लवकर दुकान उघडायला आलेला. तिला पट्टीपाशी एकटीला बसायला वेळच मिळाला नाही. तिनं लांबूनच एकदा सगळ्या बोळावर नजर फिरवली आणि कामाला लागली.

दहाला सगळे जमले. मालक मधोमध.

"मावशी, कुठाय तुमचा उंदीर?"

मावशी गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसली. पट्टीकडं बघितलं.

"ही माझ्या हातची न्हाई," ती म्हणाली.

"मग काय उंदरानं घातली का?" फरसाणवाला म्हणाला. "लई हुशार उंदीर हाय बे आपला! आधी चालतो, मग रांगोळी घालतो!"

सगळे हसले. मीही हसलो.

तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. एकदाच. तिथून पुढं तिनं रांगोळीचं नाव काढलं नाही.

कापडवाल्या शेठना हसू आलं नव्हतं. ते म्हणाले, "उंदीर कुठून येतेत ते मी सांगतो. त्या जिन्याखाली हिचं दान्याचं पोतं हाय. किराणावाल्याकडचं सांडलेलं गोळा करती आन ठिवती हितंच. उंदराला बाई जेवू घालायली आन आमी नुकसान भोगायलो."

पोती उतरवताना खाली सांडलेलं धान्य झाडणारीनं न्यायचं, हा मोंढ्यातला जुना रिवाज. त्यावर कुणी कधी बोललं नव्हतं.

"पोतं न्हाई, डबा हाय," मावशी म्हणाली. "झाकनाचा. वर दगड हाय. बघा की उघडून."

कुणी जागचं हललं नाही. मालकांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तू रोज हितं असतोस. ते नालीचं बीळ बुजवलं व्हतं ना?"

"हो. वहीत आहे."

"मग त्या डब्यापायी उंदीर येतेत का?"

तो डबा मी रोज बघत होतो. तेलाचा पत्र्याचा डबा, घट्ट झाकण, वर वरवंट्याएवढा दगड. त्यात मुंगीसुद्धा जात नव्हती. मी म्हणालो, "सांगता येत नाही."

तेवढंच. कुणावर आरोप केला नाही. पण त्या सगळ्यांत उंदरांचं कळणारा मीच, असं ते समजत होते, आणि मी सांगता येत नाही म्हटल्यावर ज्याला जे वाटायचं ते खरं झालं. मालक म्हणाले, "मावशी, उद्यापासून नका येऊ. दुसरं बघा कायतरी." आवाजात राग नव्हता. तिनं फडा जागेवर उभा केला, डबा डोक्यावर घेतला आणि एका हातानं भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरून गेली.

चौथ्या दिवशी, दुपारी सगळे जेवायला गेल्यावर, मी बाटल्या फोडून, सिमेंटात काच कालवून ते भगदाड स्वतः बुजवलं. तिनं शिकवलं होतं तसंच. महिन्याभरात खालचे उंदीर थांबले. आणि सगळे म्हणायला लागले : मावशी गेली आणि उंदीर गेले. मी जे काम तीन आठवडे आधी करायचं ते नंतर केलं आणि त्यानं तिच्यावरचा आळ खरा ठरला. मालकांनी मला शाबासकी दिली. त्यांच्या ओळखीच्या एका मंगल कार्यालयात पाठवलं, तिथून एका गोदामात, तिथून बीडला. माझा धंदा असा उभा राहिला.

मी तसं का केलं याची कारणं माझ्याजवळ आहेत. घरी दुसरं मूल येणार होतं, नोकरी गेली असती. पण कारणं सांगायला लागलो की ती माफीसारखी दिसायला लागतात, म्हणून इथंच थांबतो.

त्या दिवाळीनंतर मावशी मुलाच्या आणि सुनेच्या टोळीबरोबर पुन्हा ऊसतोडीच्या हंगामाला गेली, असं किराणावाल्याकडून कळलं. कोयता नाही, कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, थांबून नातवंडं सांभाळायला आणि भाकरी थापायला. ते गुडघे घेऊन पहाटेच्या थंडीत चुलीपाशी बसायला. किती हंगाम गेली ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका चतुर्थीला मी लिंबागणेशला गेलो होतो. दर्शन घेऊन बाहेर आलो तर ओट्यावर ती बसलेली. हातात काठी, शेजारी नात. मी टाळून जाऊ शकलो असतो. गेलो नाही, हे खरं तर माझ्या श्रेयाचं नाही; तिनंच आधी बघितलं.

"ओ साहेब! किती सुटलास रं."

मी पाया पडलो. तिनं माझ्या मुलांची विचारपूस केली, बायकोची केली. माझं काम चांगलं चालतं हे तिच्या कानावर होतं. "समद्या जिल्ह्यात हिंडतोस म्हनं उंदरामागं," ती म्हणाली आणि नातीला सांगितलं, "ह्यो आपल्या ओळखीचा मोठा मानूस हाय बरं का." त्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता, ते मला आजही ठरवता येत नाही.

मग म्हणाली, "हात हलका झाला का रं तुझा?"

मी म्हटलं, "थोडा झाला, मावशी."

बोलायची वेळ ती होती. नात लाह्या खात होती, भोवती गर्दी होती, पण आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी तिथं तिच्या पायाशी दोन-तीन मिनिटं बसलो. मग तिला पेढ्याचा पुडा दिला आणि उठलो.

तेव्हापासून मी धरून होतो की तिच्याजवळ जाऊन कबूल केलं म्हणजे झालं. हे लिहायला बसलो तेव्हा कळलं, तसं नाही. तिला कबुलीची गरजच नाही. माझी जाड पट्टी बघितली त्याच क्षणी तिला सगळं कळलं होतं. कळलेलं नाही ते बाकीच्यांना. त्या कॉम्प्लेक्समध्ये मी अजून जातो. कापडवाले शेठ थकलेत, पण गल्ल्यावर मुलाशेजारी येऊन बसतात. फरसाणवाला तोच आहे. मालक शनिवारी येतात. नवीन झाडणारी बाई लागली की कुणीतरी तिला सांगतंच : आधीच्या मावशीनं दाणे साठवले आणि आख्ख्या बिल्डिंगला उंदीर लावले, तसं करू नको. मी ते ऐकतो आणि पिंजरे तपासत राहतो.

मी मावशीचं देणं लागतो ते हे : तिला गाडीतून माजलगावला न्यायचं, त्या बोळात खुर्चीवर बसवायचं, आणि मालक, कापडवाले शेठ आणि फरसाणवाला यांच्या तोंडावर सांगायचं की बीळ मी बुजवलं नव्हतं, वहीत खोटं मी लिहिलं, तिची रांगोळी मी पुसली, आणि तिच्या डब्यात कधीही उंदीर गेला नव्हता. ती आहे, ते तिघंही आहेत. मी अजून हे केलेलं नाही.